सरपंच गात नाही

सव्वीस जानेवारीला सकाळी शेवखारच्या शाळेपुढं झेंडा चढला, तेव्हा विठू गावंड गर्दीच्या मागं उभा होता. मिठागरातनं तो तसाच आला होता. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून भेगाळला होता. झेंड्याची दोरी त्याच्या थोरल्या भावानं ओढली. बुधाजी गावंड गावाचा सरपंच होऊन आठ महिने झाले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी. पाय मात्र अनवाणी, कारण मिठानं फाटलेल्या त्या टाचांवर वहाण सोसत नव्हती.

चीनची लढाई थांबून दोनच महिने झाले होते. एरवी झेंड्याकडं न फिरकणारी माणसंही त्या दिवशी आली होती. खाडीवरून गार वारा येत होता. कमळाकर मास्तरांनी हात उचलला, शाळेनं राष्ट्रगीत धरलं. मोठ्यांनी जमेल तसं तोंड हलवलं. कुणी शब्द गिळले, कुणी दुसऱ्याच्या मागून ओढले.

बुधाजीचं तोंड बंद होतं. नुसतं बंद नव्हतं, आवळलेलं होतं. कानाखालचं हाड वर आलेलं विठूला मागूनसुद्धा दिसलं.

ते धर्मराज घरतनंही पाहिलं. गावातलं सगळ्यात मोठं मिठागर धर्मराजचं. सरपंचकीच्या निवडणुकीत तो बुधाजीकडून पडला होता, आणि ते पडणं त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गाणं संपलं तसा तो पुढं आला.

"मास्तर, परत घ्या. सरपंचानी म्हटला नाय."

मास्तर पनवेलचे, सभ्य माणूस. म्हणाले, "राष्ट्रगीत एकदाच होतं, शेठ."

"मंग त्याना एकल्याला म्हनू द्या. गावाला कलू दे, आपला सरपंच कोनाचा हाय."

"मी उभा व्हतू," बुधाजी म्हणाला. "सावधान उभा व्हतू." आणि तो जायला वळला.

धर्मराजचा मुकादम आनंदा वाटेत होता. त्यानं हात उचलला आणि बुधाजीच्या डोक्यावरची टोपी उडवली. टोपी फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर पडली. सरपंच ती उचलायला वाकला, तेव्हा मागं कोणीतरी हसलं.

विठू गर्दीतनं कसा गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आनंदाची मान डाव्या हाताच्या बगलेत आली आणि उजव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर बसली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या बुक्कीला दात तुटल्याचं बोटांना कळलं. चार माणसांनी विठूला ओढून काढला. आनंदा फक्कीत बसून रक्त थुंकत होता. दोन दात त्याच्या तळहातावर होते.

"वाटोला केलास," बुधाजी एवढंच म्हणाला. टोपी झटकून त्यानं डोक्यावर ठेवली. "घरी चल."

घरी सोनाबाईनं, बुधाजीच्या बायकोनं, विठूच्या हाताला हळद लावली. विठूची बायको रंभा चुलीपाशी भाकरी थापत होती. बुधाजी ओटीवर गेल्यावर विठूनं विचारलं, "वयनी, दादूस का गात नाय? एवढासा तर गाना हाय."

"त्याना इचारू नको."

"तुना ठाव हाय?"

"मी वीस वर्सा इचारला," सोनाबाई म्हणाली. "झेंड्याचा नाय, दुसराच. झोपंत दात खातंय त्यो. का खातंस, म्हनून इचारला. एकदा मना मारला त्यासाठी. मंग सोरला इचाराचा."

विठूला पटलं नाही. बेचाळीस साली बुधाजीनं कर्नाळ्याच्या वाटेवर तारेचे खांब पाडले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बरोबर काशीराम भोईर होता. दोघांना धरून नेलं, फौजदारानं दोघांना बडव बडव बडवलं, पण एकानंही तोंड उघडलं नाही, असं गाव सांगत आलं होतं. काशीराम त्या मारानं पुढच्या शिमग्याला गेला. त्याची बायको गंगाबाई आता पंचायतीत पंच होती. बुधाजीला मतं पडली ती त्या बेचाळीसच्या नावावर. असल्या माणसाला झेंड्यापुढं चार ओळी म्हणायला काय होतं?

*

गावंडांचं मिठागर म्हणजे खाडीच्या कडेचे सहा वाफे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, आणि पांढरी साय धरली की लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ती ओढून कडेला रास घालायची. सकाळी सूर्य डोक्यावर यायच्या आत निम्मं काम व्हावं लागतं. नंतर खालचं पाणी पाय भाजतं आणि वरचा उजेड डोळे. विठू आणि बुधाजी समोरासमोर उभे राहून फळी ओढत. पायांच्या भेगांत मीठ जाई तेव्हा कुणीच बोलत नसे. बोलून ते कमी होत नाही.

फेब्रुवारीत धर्मराजनं पाणी अडवलं. गावंडांच्या वाफ्यांना येणारा पाट त्याच्या मिठागरातून येई. पाटाच्या तोंडाशी आनंदा कुऱ्हाड घेऊन बसला. पुढच्या दातांच्या जागी त्याला खिंडार पडलं होतं.

"सरपंचाला सांग, गाना म्हन," तो विठूला म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून वारा सुटत होता. "पानी सोरतू."

दोघा भावांनी आठ दिवस खपून नवा पाट खणला. चिखल खांद्यावरून वाहून बुधाजीच्या मानेची कातडी सोलली. तो पंचायतीच्या बैठकीला मान वाकडी करून बसला.

त्या बैठकीत भांडण निघालं ते गाण्यावरून, पण खरं भांडण बांधाचं होतं. मागच्या पावसात खाडीच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली होती. तीस हात लांबीचं ते भगदाड. त्यातून खारं पाणी येऊन चाळीस घरांची भातशेती मेली होती. सरकारनं बांध मंजूर केला होता. कुठून घालायचा ते पंचायतीनं ठरवायचं. बुधाजी म्हणत होता, जुन्या जागीच, खाडीला लागून, म्हणजे सगळी जमीन आत येईल. धर्मराजला बांध आतून हवा होता. त्यानं चाळीस घरांची शेती बाहेर पडली असती, आणि बाहेर पडलेल्या खाऱ्या जमिनीचं मिठागर करायला धर्मराज बसलेलाच होता.

"ज्याचा तोंड देशासाठी उघडत नाय," धर्मराज म्हणाला, "त्याच्या सहीनी बांध घालाचा? उद्या पोरा इचारतील, आमीच का गावाचा? सरपंच तर गात नाय."

मास्तरांना विचारलं गेलं. ते सावकाश बोलले. "राष्ट्रगीत चालू असताना आदरानं उभं राहावं. सरपंच उभे होते. जबरदस्तीनं म्हणायला लावलेलं गीत कशाला म्हणायचं, मला समजत नाही. पण हेही खरं की खुर्चीवर बसलेल्या माणसाकडं लोक बघतात. त्यांनी म्हणावं, असं लोकांना वाटणारच. मलाही वाटतं."

"बुधाजी," कोपऱ्यातून गंगाबाई म्हणाली. ती कधी फारसं बोलत नसे. पांढरं कपाळ, हातांवर कोयत्याचे वण. "म्हन की रं बाबा. माझा घरवाला असता तर त्यो म्हनला असता."

बुधाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो पायांच्या बोटांकडं बघत होता. मग म्हणाला, "मेच्या एक तारखेला पंचायत समितीचं सभापती बांधाचा नारल फोडाला येतील. झेंडा चढंल. तवा बघू. त्या दिवशी सातातले चार पंच 'ऊठ' बोलले, तर मी खुर्चीवरनं उठतू."

सात पंच. तीन बुधाजीकडचे, त्यात तो स्वतः. तीन धर्मराजकडचे, त्यात धर्मराज स्वतः. सातवी गंगाबाई.

*

मार्चमध्ये विठू मिठाची गाडी घेऊन पनवेलला गेला. गोणी उतरवून बंदराकडच्या चहाच्या दुकानाशी बैल सोडले. तिथं चारपाच जवान पोरं वर्तमानपत्र वाचत बसली होती. एकानं विचारलं, "कुठली गाडी?"

"शेवखारची."

"शेवखार? तुमचाच ना तो सरपंच?" तो दुसऱ्याकडं वळला. "अरे, याच गावचा. राष्ट्रगीत सुरू झालं की तोंड मिटून उभा राहतो. चीनचं येत असेल त्याला."

"दादूस हाय त्यो माजा," विठू म्हणाला.

"मग तू म्हणून दाखव. उठ. इथं उभा राहा आणि म्हण."

सगळे बघत होते. दुकानदार फडकं घेऊन थांबला होता. विठूला गाणं येत होतं, निम्मं का होईना. म्हटलं असतं तर सुटला असता. त्यानं हातातला गरम चहाचा पेला त्या पोराच्या तोंडावर फेकला.

मग ते पाच आणि हा एक. पहिल्याला त्यानं आडवा केला, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. तिसऱ्यानं मागून त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर लाथ मारली आणि तो गाडीच्या चाकापाशी पडला. त्यांनी त्याच्या पाठीत, बरगड्यांत, तोंडावर लाथा घातल्या. बैल बिचकून दावं ओढत होते. ज्याचं तोंड भाजलं होतं त्यानं जोखडाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उपटली. दोघांनी विठूचा उजवा हात चाकाच्या लोखंडी धावेवर धरला.

"म्हणतोस का?"

विठू थुंकला. शिवळ खाली आली. पहिल्यांदा करंगळी, मग तिच्याशेजारचं बोट. हाड फुटल्याचा आवाज त्याला आधी आला, दुखणं मागून आलं.

डाव्या हातानं कासरा धरून तो संध्याकाळी घरी पोचला. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. बोटं वाचली, पण वाकडी जुळली. महिना-दीड महिना रंभानं त्याच्या जागी फळी ओढली. तिचे पाय मिठाला सरावलेले नव्हते. रात्री ती तळव्यांना खोबरेल लावून भिंतीकडं तोंड करून पडे. एकदा म्हणाली, "तुमचा दादूस एकदा म्हनला असता तर माझं पाय असं झालं नसतं." विठूनं कूस बदलली. तो तेच म्हणत होता मनात, कधीपासून.

बुधाजी मात्र भावाच्या हाताकडं रोज बघे आणि दुसरीकडं मान फिरवी. एकदा जेवताना त्यानं आपल्या ताटातला बोंबील उचलून विठूच्या ताटात ठेवला. विठूनं तो उचलून परत टाकला.

*

एप्रिलच्या अमावास्येला दुपारच्या भरतीचं उधाण होतं. विठू जेवून मिठागराकडं निघाला तर वाटेतच त्याला पाण्याचा आवाज आला, जिथं तो यायला नको होता तिथून. तो पळत गेला.

सहा वाफ्यांच्या कडेचा बांध मधोमध फोडलेला होता. कुदळीचे घाव चिखलात ताजे होते. खाडी आत शिरली होती. तीन महिन्यांच्या मिठाच्या राशी, गवतानं झाकलेल्या, पाण्यात बसत चालल्या होत्या. आधी गवत तरंगलं, मग खालचं पांढरं ढासळलं आणि गढूळ पाण्यात दुधासारखं पसरून नाहीसं झालं. पलीकडच्या बांधावरून तिघं जण खांद्यावर कुदळी टाकून चालले होते. त्यांना घाई नव्हती. एक आनंदा होता.

बुधाजी छातीभर पाण्यात उभा होता. अंगानं भगदाड अडवू बघत होता. चिखलाची ढेकळं उचलून टाकत होता, आणि पाणी ती त्याच्या हातांतून ओढून नेत होतं.

"धर!" तो ओरडला. "विठू, पाट्या आन!"

विठूनं पाट्या आणल्या नाहीत. काठावर पडलेली फळी त्यानं उचलली. तो पाण्यात उतरला. भावाजवळ पोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आनंदा नव्हता, धर्मराज नव्हता, पनवेलची पोरं नव्हती. ते आवळलेलं तोंड तेवढं होतं.

फळीचा दांडा त्यानं बुधाजीच्या पाठीत घातला.

"गा!"

बुधाजी वळला. दुसरा घाव खांद्यावर बसला.

"माझी बोटां गेली. रंभाचा पाय गेला. मीठ गेला. आता गा! झेंड्याचा गाना गा, मना ऐकव!"

"विठू, पानी..."

"गा!" तिसरा, चौथा. दांडा तुटला. तुटक्या टोकानं त्यानं बुधाजीच्या तोंडावर मारलं. जबड्यात काहीतरी कटकन वाजलं. मग मानगूट धरून त्यानं त्याला पाण्यात दाबलं आणि केसांनी वर काढलं. बुधाजीच्या नाकातोंडातून खारं पाणी आणि रक्त एकत्र येत होतं. "गा! नायतर हितंच बुरवतू तुना!"

बुधाजीनं तोंड उघडलं. आणि तो गायला लागला.

आवाज बारीक होता, पोरासारखा. चाल सरळ, शाळेतल्या कवितेची. पण ते झेंड्याचं गाणं नव्हतं. विठूनं हे गाणं लहानपणी, पाटीपेन्सिल घेऊन बसायच्या वयात, शाळेत ऐकलं होतं आणि नंतर कधीच नाही. भिंतीवर गोऱ्या बादशहाचं चित्र असायचं, त्याच्यापुढं उभं राहून म्हणायचं ते गाणं. बादशहाला देवानं उदंड आयुष्य द्यावं, त्याच्या शत्रूंचा नाश व्हावा, ते. बुधाजी डोळे मिटून गात होता. एक कडवं संपलं, त्यानं दुसरं धरलं. एक शब्द चुकला नाही. मध्येच खोकला येऊन त्यानं रक्त गिळलं आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं, थांबायची परवानगी नसल्यासारखा.

"दादूस," विठू म्हणाला. "दादूस, बस."

तो थांबेना. विठूनं त्याचं तोंड हातानं दाबलं तेव्हा थांबला.

भरती उतरू लागली तशी दोघं फुटक्या बांधावर बसली. बुधाजीचा जबडा एका बाजूला सुजून वर आला होता. बोलणं धड येत नव्हतं. तो तुकड्यातुकड्यानं बोलला.

"चौकीत दोघं व्हतू. मी न काशीराम. फौजदार आपल्यातलाच, गोरा नाय. बोलला, शालंत बादशहाचा गाना शिकलाव ना? जो म्हनंल त्यो घरी जाईल. काशीरामनी तोंड मिटला. त्याना बुटानी छातीत मारला. खाली पडला तरी मारला. नाकातून रगत आयला, कानातून आयला. त्यानी तोंड नाय उघडला. मंग माझी पाली आयली." त्यानं जबडा हातानं धरला. "मना एक काठी बसली, विठू. एकच. मी गायलू. सगला गायलू. फौजदार बोलला परत, मी परत गायलू. शिपाय हसत व्हते. काशीराम थय जमिनीवर परलेला, माझ्याकरं बघत व्हता."

बुधाजीनं तोंडातलं रक्त पाण्यात थुंकलं.

"त्यो घरी आयला, शिमग्याला मेला. कोनाला सांगितला नाय त्यानी. गंगाबायलापन नाय. गावच बोलला, दोघांनी तोंड नाय उघडला. मी गप रायलू. झेंडा चढला का माझ्या जिभेवर त्योच गाना येऊन बसतंय. म्हनून दात दाबून उभा राहतू. तोंड उघडला न त्योच बाहेर परला, तर?"

विठूनं हातातल्या तुटक्या दांड्याकडं पाहिलं. तो अजून त्यानं धरलेलाच होता. फौजदारानं एक काठी मारली होती. आपण किती मारल्या ते विठूला आठवेना.

*

मेच्या एक तारखेला सभापती जीपगाडीतून आले. शाळेपुढं झेंडा चढला. बुधाजीनं दोरी ओढली ती एका हातानं. दुसरा खांद्याच्या वर उचलत नव्हता. जबड्याला सोनाबाईनं पटका बांधला होता. गाणं झालं. सभापती मधल्या ओळी विसरले आणि शेवटी मोठ्यानं सामील झाले. बुधाजी सावधान उभा होता, तोंड मिटून.

"बघा, साहेब," धर्मराज म्हणाला. "बघितलात डोल्यांनी. आता पंचांना इचारा."

"त्याचा जबरा मी फोरला!" विठू पुढं झाला. "त्याना तोंड उघडता येत नाय. मी मारला त्याना. मना धरा."

गर्दीत हसू फुटलं. आनंदानं विठूच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं ढकललं. विठूनं त्याचा हात पिरगळला. धर्मराजची आणखी दोन माणसं धावली. एकाच्या हातात झेंड्याच्या मांडवाचा बांबू होता. तो विठूच्या कपाळावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. पोरं रडायला लागली, बायका ओरडायला लागल्या. सभापती "अरे, अरे" म्हणत जीपकडं सरकले.

बुधाजीनं जबड्याचा पटका सोडला. तो विठू आणि त्या बांबूच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. आवाज अडखळत, फेसाळत आला. "थांबा. सांगतू."

आणि त्यानं सांगितलं. बांधावर भावाला सांगितलं होतं त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. फौजदार, बूट, एक काठी, दोनदा गायलेलं गाणं. बोलताना तो कुणाकडंच बघत नव्हता. शेवटी मात्र गंगाबाईकडं वळला. "काशीरामनी नाय गायला. मी गायलू. तुमी मना मता दिलीत ती त्याच्या नावावर. ती माझी नव्हती."

बांबूवाल्यानं बांबू खाली केला. 

गंगाबाई गर्दीतून आली. लोकांनी वाट दिली. तिनं बुधाजीच्या तोंडात मारली. सुजलेल्या जबड्यावर, सगळ्या अंगाच्या जोरानं. बुधाजी गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा मारली. तो उठायचा प्रयत्न करीना. विठू पुढं झाला, तर सोनाबाईनं त्याचं मनगट धरलं. "मारू दे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

तिसऱ्यांदा गंगाबाईचा हात वर गेला, आणि न मारताच खाली आला.

"वीस वर्सा," ती म्हणाली. "वीस वर्सा माझ्या दारावरनं जातंस. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, माझा घर शाकारून देतंस. मी म्हनतंय, कवरा चांगला मानूस."

धर्मराज घाईनं म्हणाला, "झाला तर मंग. साहेब, तिघं आमी बोलताव, यानी उठाचा. गंगाबाय, तुझा काय? चौथा हात तुझा."

सगळे तिच्याकडं बघत होते. ती दम लागल्यासारखी उभी होती. आधी तिनं धर्मराजकडं पाहिलं, मग खाली गुडघ्यावर बसलेल्या बुधाजीकडं.

"माझा मानूस मेला," ती म्हणाली. "त्याच्याकरनं आता बांध नाय होवाचा. यो जिता रायला. याच्याकरनं मी बांध घेईन." तिनं बुधाजीच्या खांद्याला पायानं ढोसलं. "ऊठ. जुन्या जागीच बांध घाल, खारीला लागून. पावसाच्या आत पुरा कर. पुरा झाला का खुर्चीवरनं ऊठ. तवर माझा हात वर नाय व्हनार. आन परत माझ्या दारी येऊ नको."

सभापतींनी नारळ फोडला. तो फुटला की नाही हेही कुणी पाहिलं नाही.

*

मेच्या उन्हात चाळीस घरांनी पंचवीस दिवस चिखल वाहिला. ओहोटीला खाडीत उतरायचं, भरती चढायच्या आत वर यायचं. बुधाजीचा जबडा नीट मिटत नव्हता. तो पेज पिऊन काम करी. विठू कपाळाला फडकं बांधून त्याच्या पुढं चाले. दोघं भाऊ एकमेकांना पाटी देत, घेत. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकदा विठू म्हणाला, "लय दुखतंय का?" आणि बुधाजी म्हणाला, "पाटी भर."

गंगाबाईही रांगेत होती. पाटी हातोहात येई, पण बुधाजीपाशी आली की ती पाटी त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवी. तो वाकून उचले. पंचवीस दिवस तिनं हे चुकवलं नाही.

मिरगाच्या आधी चार दिवस भगदाड बुजलं. पहिलं उधाण बांधावर आपटलं, वर चढलं, आणि मागं गेलं. बुधाजी रात्रभर बांधावर बसून होता असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं नव्हता. सकाळी पंचायतीच्या खोलीत जाऊन त्यानं शिक्का टेबलावर ठेवला आणि राजीनाम्यावर सही केली. पुढच्या बैठकीत धर्मराज सरपंच झाला. बांध आता झालेलाच होता. तो काही उचलून आत नेता येत नव्हता.

पंधरा ऑगस्टला पाऊस थांबून ऊन पडलं होतं. चाळीस घरांचं भात पोटरीत यायच्या बेतात होतं आणि तणानं गांजलं होतं. विठू आणि बुधाजी गुडघाभर चिखलात बेणणी करत होते. शेजारच्या खाचरात गंगाबाई एकटी होती. शाळा लांब होती, पण वारा तिकडूनच होता. आधी धर्मराजचा आवाज आला, खणखणीत, काहीतरी भाषण. मग पोरांनी राष्ट्रगीत धरलं.

बुधाजी सरळ उभा राहिला. हातात तणाच्या मुळ्या होत्या, त्यांतून चिखलाचं पाणी पोटरीवर निथळत होतं. जबडा वाकडा जुळला होता. दात आता एकावर एक बसत नव्हते, आवळायचे म्हटले तरी. विठू त्याच्याकडं बघत राहिला. भावाचे ओठ थरथरत होते. ते कुठलं गाणं आहे, की काहीच नाही, हे इतक्या अंतरावरून विठूला कळेना, आणि जवळ जाऊन बघायचं धाडस त्याला झालं नाही.

गाणं संपलं. बुधाजी तसाच उभा होता.

पलीकडच्या खाचरातून गंगाबाईचा आवाज आला. मे महिन्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"वाक," ती म्हणाली. "तन भाताच्या वर गेलंय."

बुधाजी वाकला.